वेगळी मांडणी नको, वाचता येईल असा मजकूर हवा

प्रत्येक शासकीय कार्यालयाने स्वतःची ओळख ठसवणारे वेगळे संकेतस्थळ घडवून घ्यावे, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत मला मुळीच पटत नाही. नागरिक दाखल्यासाठी येतो. दर कार्यालयागणिक त्याला नवी मांडणी शिकायला लावणे अन्यायाचे आहे. ब्रिटनने २०१२मध्ये ‘गव्ह डॉट यूके’ हे सामाईक सरकारी संकेतस्थळ सुरू केले आणि पुढे एकेका खात्याला त्याच साध्या मांडणीत आणले. आपल्याकडे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) सामाईक व्यवस्थेवर जिल्ह्यांची संकेतस्थळे एकाच साच्यात उभी राहिली, हे योग्यच झाले.

पोटतिडकीने बोलायचे तर मजकुराबद्दल बोलू. स्कॅन करून चढवलेली पीडीएफ म्हणजे नुसते चित्र. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या, अंध व्यक्तीच्या स्क्रीन रीडरला त्यातले अक्षरही उमगत नाही, शोध घेतला तरी त्यातला मजकूर सापडत नाही. युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमधला मजकूर तर निरर्थक अक्षरे होऊन ऐकू येतो. वाचता येणारा मजकूर ही नुसती सोय नाही, हक्क आहे: दिव्यांग हक्क कायदा २०१६चा आहे; डिजिटल सेवा मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२५मध्ये सांगितले. म्हणून संकेतस्थळाच्या निविदेत रंगसंगतीआधी युनिकोड आणि स्क्रीन रीडरला वाचता येणाऱ्या मजकुराच्या अटी घाला, आणि अंध वापरकर्त्यांनी तपासल्याशिवाय कंत्राटदाराचे देयक मंजूर करू नका.

– एक वाचक, सातारा