फाटकावरचा फोन

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या शाळेतून बोलावणं आलं. मावळातली निवासी शाळा. नवी इमारत उभी राहिली आहे आणि ऑफिसातल्या टेलिफोन एक्सचेंजला जोड द्यायची होती. आता यात माझं काय काम? तर जुन्या वायरी कुठून कुठे गेल्यात हे माहीत असणारी मी एकटीच उरले आहे म्हणे. काम करणारा तंत्रज्ञ माझाच विद्यार्थी निघाला. व्याकरणात जेमतेम पस्तीस मार्क मिळवणारा हा मुलगा मला पोर्ट, कार्ड, स्लॉट समजावत होता आणि मी निमूट मान डोलवत होते.

आमचं पहिलं यंत्र १९९६ साली आलं. त्याला सगळे '३०८' म्हणत. म्हणजे बाहेरच्या लाइनी ३ आणि आतले फोन ८. आठ भरले की संपलं. मोठ्या यंत्रात मोकळे स्लॉट असतात, त्यात कार्ड बसवलं की फोन वाढवता येतात, मात्र कार्ड त्याच कंपनीचं लागतं. साधा फोन, फॅक्स, कॉर्डलेस कुठल्याही साध्या एक्स्टेन्शनवर चालतात. एका कंपनीचा डिजिटल फोन दुसरीच्या यंत्राला लावला तर तो मुका. ऑपरेटरच्या फोनशेजारी बटणांची पट्टी जोडतात, तिच्या दिव्यांवरून कोण बोलतंय ते कळतं. ही सगळी माहिती मला परवाच मिळाली, पण वायर कोणाच्या टेबलावर न्यायची यावर मात्र माझं स्वतःचं मत आहे आणि ते मला महागात पडून मिळालेलं आहे.

एक्स्टेन्शनची यादी नेहमी वरून खाली येते. आधी अध्यक्ष, मग मुख्याध्यापक, मग ऑफिस, स्टाफरूम. वसतिगृह कुठेतरी शेवटी. फाटकावरचा वॉचमन तर यादीत नसतोच. आमच्या यादीत २१ हा पहिला नंबर माझा होता आणि खरं सांगते, मला त्याचा अभिमान वाटायचा.

वीज गेली की हे यंत्र बंद पडतं. पण त्यात एक सोय असते. बाहेरची एक लाइन आपोआप ठरलेल्या एकाच एक्स्टेन्शनला थेट जोडली जाते. तांब्याच्या तारेतून टेलिफोन खात्याच्या बॅटऱ्यांचे ४८ व्होल्ट येत असत, त्यामुळे तो एक फोन अंधारातही बोलायचा. आमच्याकडे तो एक फोन म्हणजे २१. माझ्या केबिनमध्ये. रात्री कुलूप.

१९९७ च्या जुलैत रात्री दोनच्या सुमारास एका मुलीचा दमा उसळला. मावळातला पाऊस, वीज संध्याकाळपासून गेलेली. रेक्टरबाई टॉर्च घेऊन ऑफिसपर्यंत आल्या. किल्ली माझ्या पर्समध्ये, आणि मी लोणावळ्याला घरी झोपलेले. वॉचमन डॉक्टरांकडे पळत गेला, इकडे शिपायाने दगडाने कुलूप फोडलं. या सगळ्यात पाऊण तास गेला. मुलगी वाचली. मला कोणी एक शब्द बोललं नाही. दुसऱ्या दिवशी मी नवं कुलूप आणवलं! फोन तिथून हलवावा हे सुचायला मला आणखी वर्ष लागलं.

तुम्ही म्हणाल, बाई, आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. आहे ना. पण वसतिगृहातल्या मुलींकडे तो नसतो, आणि डोंगराच्या कुशीत भर पावसात त्याला रेंज असेलच असं नाही.

दुसरी गोष्ट शून्याची. बाहेर फोन लावायचा तर आधी शून्य किंवा नऊ फिरवा, हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. २०१३ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या मार्शल गावी एका मोटेलच्या खोलीत कारी हंट नावाच्या बाईवर जीवघेणा हल्ला झाला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेत शिकवल्याप्रमाणे ९११ फिरवला, चार वेळा. लागला नाही, कारण खोलीतल्या फोनवरून आधी ९ दाबावा लागत होता. आई गेली. त्या बाईच्या वडिलांनी पाठपुरावा केला आणि २०१८ मध्ये तिथे कायदा झाला की अशा यंत्रांवरून आणीबाणीचा नंबर थेट लागलाच पाहिजे. लोणावळ्यातल्या हॉटेलांत आणि बंगल्यांत उतरणाऱ्यांनी खोलीतल्या फोनवरून ११२ कसा लागतो हे काउंटरवर एकदा विचारून बघावं.

तर परवा मी त्या मुलाला दोन गोष्टी सांगितल्या. नव्या कार्डावरची पहिली वायर फाटकावर, दुसरी वसतिगृहाच्या व्हरांड्यात, जिथे कुलूप नाही. आणि ११२ शून्याशिवाय लागला पाहिजे, प्रत्येक फोनवरून. क्लार्क लगेच म्हणाले, "वॉचमन दिवसभर गावाकडे बोलत बसेल." (साहेबांच्या घरच्या गप्पांचं बिल कोणी मोजलं नव्हतं, ते सोडा.) त्याला उपाय यंत्रातच आहे. आतले नंबर आणि आणीबाणीचे नंबर चालू, बाकी बंद.

मुलाने मात्र मला एक गोष्ट शिकवली. शाळेची लाइन आता फायबरवर आहे. काचेच्या तंतूतून आवाज येतो, वीज येत नाही. जुन्या तारेची ती सोय गेली. लोक एक्सचेंजला यूपीएस लावतात आणि फायबरची भिंतीवरची डबी तशीच सोडतात. यंत्र जिवंत, लाइन मेलेली! शिवाय फाटकापर्यंतची वायर उघड्यावरून जाते, तिथे विजेच्या लोळापासून बचावाचं साधन आणि नीट अर्थिंग हवं. वळवाच्या गडगडाटात एक कार्ड जळणं इथे काही नवलाचं नाही. मी म्हटलं, लिही, दोन्ही खर्च यादीत लिही. अध्यक्षांच्या केबिनमधला तिसरा फोन खोडला की जमतंय.

काम संपल्यावर त्याने मेन स्विच पाडला. ऑफिस अंधारलं, पंखे थांबले. मी व्हरांड्यातल्या फोनवरून फाटकाचा नंबर फिरवला. दोन रिंग झाल्या आणि वॉचमन बिचकत म्हणाला, "हॅलो... कोण पाहिजे?"