मिनार्डच्या नकाशातला एक ठिपका

परवा ऑफिसात जागा बदलली. माझ्या डेस्कमागे गेली कित्येक वर्षं एक पोस्टर आहे. शार्ल मिनार्डने १८६९ साली काढलेला, नेपोलियनच्या रशिया मोहिमेचा तो प्रसिद्ध आलेख. डेटावाल्यांच्या देवघरातली तसबीरच म्हणा ना. सैन्य म्हणजे एक जाड पट्टा. निघताना ४,२२,०००, परत येताना १०,०००. मॉस्कोपर्यंतचा पट्टा फिकट रंगाचा आणि परतीचा काळा, बारीक बारीक होत जाणारा.

पोस्टर गुंडाळताना टीममध्ये नवीनच आलेल्या मुलीने विचारलं, "हे स्टुडिएन्स्का म्हणजे काय?"

म्हटलं, "असेल कुठलं तरी गाव."

या आलेखावर मी दोनदा टॉक दिलाय. त्या नावाशेजारी बोट ठेवून "बघा, इथे ५०,००० चे २८,००० झाले" असं ऐटीत सांगितलंय. आणि गाव कोणतं, ते मला माहीत नव्हतं! शनिवारी पुस्तकं काढून बसलो.

तर हे स्तुद्योन्का. बेलारूसमधल्या बोरिसोव शहराच्या उत्तरेला सुमारे १५ किलोमीटरवर, बेरेझिना नदीच्या पूर्व काठावर. नावातच गारठा आहे. तिकडच्या भाषांत 'स्तुद' या धातूचा अर्थच थंड. बेरेझिना ६१३ किलोमीटर लांब, सगळी बेलारूसमधूनच वाहते आणि नीपरला मिळते. आधी हा मुलूख लिथुआनियाच्या महासंस्थानात होता. १७९३ साली पोलंडची दुसरी फाळणी झाली आणि तो रशियाकडे गेला. म्हणजे गावाचा मालक बदलून वीस वर्षंही झाली नव्हती, तेवढ्यात नेपोलियन आला.

आता भूगोल बघा, कारण सगळी गोम तिथेच आहे. गावाकडचा काठ उंच. तिथे तोफा लावल्या की पलीकडचा काठ माऱ्यात येतो. समोर सखल, दलदलीचं कुरण. त्यापलीकडून झेंबिनकडे जाणारी वाट, तीही दलदलीवरच्या लाकडी पुलांवरून. आणि मुख्य म्हणजे इथे नदीला उतार होता. बोरिसोवचा पूल तर रशियनांनी २३ नोव्हेंबर १८१२ ला जाळला होता.

मिनार्डच्या आलेखात खाली तापमानाची रेघ आहे. नोव्हेंबरभर ती शून्याच्या बरीच खाली. ती बघून वाटतं, नदी गोठली असणार, जायचं की चालत! पण मधेच हवा उबदार झाली होती आणि नदी वाहती झाली होती, वर बर्फाचे तुकडे तरंगत होते. म्हणून पूल बांधावे लागले. चार-पाच आकड्यांतून काढलेल्या रेघेत हे कुठून दिसणार? (आपल्या मॉनिटरिंगच्या सरासऱ्या आठवा. :-))

पूल बांधले जनरल एब्लेच्या माणसांनी. सुमारे ४०० जण, त्यात बरेच डच. छातीभर गारठलेल्या पाण्यात उभे राहून त्यांनी २६ नोव्हेंबरला दोन पूल उभे केले. तरंगत्या पुलांचं सामान आधीच ओर्शाला जाळून टाकायचा हुकूम झाला होता. एब्लेने मात्र हत्यारं, लोहाराच्या भट्ट्या आणि कोळसा वाचवून ठेवला होता. बॅकअप असावा तर असा. पाण्यात उतरलेल्यांतले फार थोडे जगले. एब्लेसुद्धा वर्ष संपायच्या आत गेला. २९ तारखेला सकाळी पूल जाळले तेव्हा मागे रेंगाळलेले हजारो लोक, बायका-मुलं अलीकडच्याच काठावर होते.

फ्रेंच माणूस आजही सत्यानाश झाला की "बेरेझिना झाली" म्हणतो. आपण नाही का "पानिपत झालं" म्हणत? तसंच.

पण पुलाला लाकूड कुठून आलं? स्तुद्योन्कातून. घरं ओंडक्यांची होती, ती उसकटली आणि नदीत उभी केली. पुस्तकांत याला एक ओळ मिळते, 'गावातली घरं पाडून लाकूड मिळवलं'. कर्ताच नाही वाक्याला! नोव्हेंबर संपत आलेला, पुढे तिथला अख्खा हिवाळा, आणि भिंती गेल्या पुलाला. एब्लेच्या नावाची पॅरिसमध्ये गल्ली आहे. ओंडके ज्यांचे, त्यांच्या नावाचं काय आहे?

कुणी म्हणेल, युद्धात हे व्हायचंच, आणि त्या पुलांमुळे हजारो जीव वाचले. खरं आहे. एब्लेबद्दलचा माझा आदर तसूभरही कमी झालेला नाही. मिनार्डवरही राग नाही. त्याने सैन्य मोजायचं ठरवलं आणि ते चोख मोजलं. १०,००० माणसांना १ मिलिमीटर. या मापाने अख्खं स्तुद्योन्का केसाएवढंही भरणार नाही. गंमत म्हणजे हा मिनार्ड स्वतः पूल आणि रस्ते खात्यातला निवृत्त इंजिनियर. पुलाला लागणारं सामान कुठून तरी आणावं लागतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

माझा राग माझ्यावरच आहे. काही वर्षांपूर्वी एका रस्त्याच्या प्रोजेक्टसाठी मी डॅशबोर्ड केला होता. त्यात एक रकाना होता, 'हटवलेली बांधकामं'. आकडा वाढला की तो हिरवा व्हायचा. तो रंग मीच निवडला होता. क्लायंट खूश, मीही खूश. त्या आकड्यातलं एकही 'बांधकाम' मी पाहिलेलं नाही.

आलेख काढायचे बंद करा असं मी म्हणत नाहीये, पोट त्यावरच आहे! पण काय मोजलं हे जसं आपण कोपऱ्यात लिहितो, तसं काय मोजलं नाही हेही एका ओळीत लिहायला काय हरकत आहे? निदान आकडा वाढला की कुणाच्या घरात काय होतं, एवढं विचारल्याशिवाय हिरवा रंग तरी देऊ नये.

असो. पोस्टर नव्या जागी लावलंय. स्टुडिएन्स्काच्या शेजारी एक पिवळी चिठ्ठी चिकटवली आहे, 'पूल या गावाच्या घरांचा होता.' ती मुलगी सोमवारी बघेल.

तुमच्या डॅशबोर्डवर असा एखादा रकाना आहे का? आठवला तर जरूर कळवा.