पटकी मरीआईची की तोफेची?



गावात पटकी शिरली की मरीआईचा गाडा शिवेपलीकडे लोटावयाचा, असे आपले वाडवडील करीत आले. त्याने रोग गेला नाही; फार तर शेजारच्या गावाशी भांडण जुंपले. रोग्याचा मळ पाण्यात मिसळतो, ते पाणी दुसरा पितो, इतकीच पटकीची वाट आहे. म्हणून जेथे लढाई माणसांना घरातून हुसकून एका माळावर कोंबते, तेथे ती वणव्यासारखी पसरते. यात कोप असलाच तर तो मनुष्याचा.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित बंगालात आले. बनगावच्या इस्पितळात जमिनीवर पाय ठेवावयास जागा नव्हती. शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंपे भरली आणि ते पाणी रोग्यांच्या नातलगांकडूनच पाजविले. शेकडा ३० दगावत होते, ते ४ हूनही कमी दगावू लागले.

इतका स्वस्त उपाय ठाऊक झाल्यावर येमेनात काय झाले पाहा. तेथे २०१६ च्या ऑक्टोबरात पटकी उठली आणि २०१७ अखेर संशयित रोग्यांचा आकडा दहा लाखांवर गेला. फळ्यावर हा आकडा मुलांकडून लिहवून घेणे सोपे आहे. डोळ्यांपुढे आणणे कठीण. बहुतेक रोगी उपचाराने वाचले, तरी दोन हजारांवर मेले. सरकारी नोकरांचे पगार महिनोन्‌महिने थकले. झाडूवाल्याला वेतन नाही, म्हणून शहरात घाण साचली. (त्याची किंमत आपल्याकडेही तो कामावर न आल्यावरच कळते.) बंदरे अडविल्याने इंधन येईना आणि पाण्याचे पंप थांबले. हुतींनीही मदतीच्या मालास अडथळे केले.

जून २०१८ मध्ये अब्स येथे पटकीसाठी बांधलेले नवे उपचारकेंद्र सौदीप्रणीत आघाडीच्या विमानांनी उडविले. जागा त्यांना आधीच कळविलेली होती. त्यात अजून रोगी ठेवले नव्हते, म्हणून जीव गेले नाहीत.

लढाईतही पिण्याच्या पाण्याची ठिकाणे नष्ट करू नयेत, असे १९७७ च्या जिनिव्हा करारात लिहिले आहे. तेव्हा गुन्हा कोणता, हे नव्याने ठरवावयाचे नाही. गुन्हेगाराला कोर्टात उभे करणारा मात्र अजून कोणी पुढे आलेला नाही.