नोंदणी नाही म्हणून हक्क बुडत नाही

आमच्या जुन्नर-आंबेगावात पुष्कळ भागीदाऱ्या शब्दावर चालतात. मोडल्या की वह्या ज्याच्याकडे, तो सुनावतो, "फर्मची नोंदणीच नाही, कोर्टात काय करशील?" मी इंजिनिअर, वकील नाही, पण ही थाप आहे, हे कायदा वाचून कळतं. महाराष्ट्राने १९८४ च्या दुरुस्तीने बिगरनोंदणी फर्मच्या भागीदाराला विसर्जनाच्या आणि हिशेबाच्या दाव्याची वाट जवळपास बंद केली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. तेव्हा दोस्तांनो, बिरादरीच्या भिडेपोटी गप्प बसू नका. मुदत ठरलेली नसेल तर लेखी नोटिशीने भागीदारी मोडा. राजपत्रात आणि मराठी वर्तमानपत्रात जाहीर करा. नाहीतर त्याची पुढची उधारी तुमच्याही डोक्यावर येईल. हिशेब मागण्यात कसली शरम? वह्या दाबून ठेवणं हीच अमानतीत खयानत.