टाचेखालचा शब्द

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले की दाराशी ठेवलेले कारीट डाव्या पायाच्या अंगठ्याने चिरडायचे आणि ‘गोविंदा’ म्हणून ओरडायचे, हा आमच्या साताऱ्याच्या घरचा रिवाज. कारटाने बिचाऱ्याने कोणाचे काही वाकडे केलेले नसते. त्याऐवजी वर्षभर आमच्या पायांचा छळ मांडणारा सराटा चिरडायला द्यायला हवा, असे मला लहानपणी फार वाटे. पण सराट्यावर पाय देऊन कोणाचा जय होत असतो, हे ज्याने अनवाणी माणदेश पाहिला आहे त्याला सांगायला नको.

माणदेशातल्या माळावर पहिला पाऊस पडला की सराट्याची वेल जमिनीशी अंग चिकटवून पसरते. पाने हरभऱ्यासारखी, फुले पिवळी, नाजूक, पाच पाकळ्यांची. दिसायला गरीब! फळ वाळले की त्याच्या पाच फोडी होतात आणि प्रत्येक फोडीला दणकट काटे. ती कशीही पडो, एखादे टोक आभाळाकडे असतेच. वहाण असली तरी तळातून आत येते, सायकल असली तर घरी हातात धरून न्यावी लागते.

या सराट्याचे दुसरे नाव गोखरू. दोन नावांनी आमच्या घरात एकदा जो प्रसंग आणला, त्यामुळे मला या शब्दांच्या मागे लागावे लागले.

तेव्हा आम्ही बदलीमुळे सांगलीला राहत होतो. वडिलांना उन्हाळी लागण्याचा जुना त्रास. वैद्यांनी गोखरूचा काढा सांगितला. काष्ठौषधींच्या दुकानात जायला मी निघालो, तेवढ्यात शेजारचे एक सद्गृहस्थ म्हणाले, “अहो, पैसे कशाला घालवता? कृष्णाकाठी गोखरूचे रान माजले आहे!” संध्याकाळी त्यांनी पिशवीभर फळे आणून दिली. माणूस परोपकारी, शंका घ्यायचे कारण नव्हते. आईने पातेले चुलीवर ठेवलेही.

आमची आत्या त्या वेळी म्हसवडहून आली होती. सारा जन्म तिकडेच गेलेला. तिने पिशवीत हात घातला, एक फळ उचलून पदराला लावले. ते चिकटून बसले.

“ह्यो सराटा न्हवं रं,” ती म्हणाली. “सराटा पायात शिरतो. ह्यो लुगड्याला चिकटतो. उतरा ते भांडं.”

भांडे उतरले. त्या पिशवीत होते ते शंकेश्वर. अंडाकृती फळ, अंगभर आकडेदार काटे, टोकाला दोन चोची. धोतराला आणि मेंढ्यांच्या लोकरीला लोंबकळत ते गावोगाव फिरते. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी त्यालाही गोखरूच म्हणतात. आमचे शेजारी खोटे बोलले नव्हते, नावच दोघांचे होते. पण शंकेश्वराच्या बियांत आणि नुकत्या उगवलेल्या रोपांत जहर असते; ते यकृतावर जाते आणि रक्तातली साखर उतरवते. ती रोपे खाऊन गुरे दगावतात. बांगलादेशात 2007 साली पुरानंतर अन्नाची टंचाई पडली, तेव्हा सिल्हेटच्या बाजूला लोकांनी हीच कोवळी रोपे भाजी म्हणून खाल्ली. 76 माणसे आजारी पडली, त्यांतली 19 गेली. हे मी पुढे फार वर्षांनी वाचले आणि त्या रात्रीचे आमचे पातेले डोळ्यांसमोर आले.

खरे गोखरू, म्हणजे सराटा, मात्र औषधांत मानाचे. मूत्रकृच्छ्रावरच्या द्रव्यांत चरकाने त्याला पहिल्या रांगेत बसवले आहे, आणि दशमुळांतल्या दहांत ते एक आहे. घरोघरच्या बाळंतिणींच्या पोटात ते जाऊन आलेले आहे. संस्कृतात ते गोक्षुर. क्षुर म्हणजे वस्तरा. चरणाऱ्या गाईला वस्तऱ्यासारखे कापणारे ते गोक्षुर, असा एक अर्थ. गाईच्या खुराशी संबंध जोडणारा दुसरा.

आता व्युत्पत्ती म्हटली की वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतात, याची मला कल्पना आहे. पण सांगलीच्या मंडळींना हे पटकन पटेल. संस्कृतातला इक्षु हिंदीत ईख झाला, आपल्याकडे ऊस. क्षेत्राचे तिकडे खेत, इकडे शेत. मक्षिकेची तिकडे मक्खी, इकडे माशी. म्हणजे ‘क्ष’ला उत्तरेत ‘ख’चा सूर लागतो आणि मराठीत बहुधा ‘स’-‘श’चा. नियम पोलादी नव्हे. क्षीराची आपणही खीरच केली, आणि ती चांगली झाली. तरी गोखरूचा ‘ख’ ऐकला की मला वाटते, हा शब्द आपल्या मातीत उगवलेला नसावा, औषधांच्या पोत्यांबरोबर उत्तरेकडून आला असावा. दुकानदार आणि वैद्य गोखरू म्हणतात. ज्याच्या पायात मोडतो तो सराटा म्हणतो. दुकानातल्या शब्दाला मातीचा धाक नव्हता, म्हणून तो दुसऱ्या झाडावर जाऊन बसला. सराटा हे नाव आत्याने शंकेश्वराला कधी दिले नसते.

ही भटकंती आपल्याच शब्दाने केली असे नाही. विलायतेत हजार वर्षांपूर्वी कॅल्कट्रिप हे एका काटेरी झाडाचे नाव होते. लॅटिनातले, टाच आणि सापळा यांवरून आले असे सांगतात. आपला सराटा त्या थंड देशात कुठून असणार? तरी हे नाव तिथे एका झाडापाशी राहिले नाही. टाचेला बोचेल त्या झाडाला ते लागत गेले. पुढे लढाईत घोड्यांच्या पायांखाली टाकायच्या चार टोकांच्या लोखंडी काट्यालाही तेच नाव पडले, कॅलट्रॉप. चौदाव्या शतकातल्या ‘पिअर्स प्लाउमन’ या इंग्रजी काव्यात नरकातले सैतान ख्रिस्ताची वाट अडवायला हेच काटे वापरायची मसलत करतात. आज वनस्पतिशास्त्रात भूमध्यसागराकडच्या एका जांभळ्या काटेरी फुलझाडाच्या नावात कॅल्सिट्रापा आहे, आणि नुसते कॅलट्रॉप म्हटले तर पुष्कळदा आपला सराटाच समजतात. लिनीअसने 1753 साली सराट्याला ट्रिब्युलस हे नाव दिले. ते ग्रीकांचे, अर्थ तीन टोकांचा. आपल्या निघंटूंत गोक्षुराचे एक नाव आहे त्रिकंटक. कोणी कोणाचे घेतले म्हणावे? काट्यावर पाय पडला की ग्रीकही खाली बसून टोकेच मोजत असणार.

लोखंडी काट्याची कल्पना आपल्याकडेही जुनी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात किल्ल्याची बांधणी सांगताना बाहेरची वाट शत्रूला घातक करायच्या वस्तूंची मोठी यादी आहे. तीत श्वदंष्ट्रा येते, म्हणजे कुत्र्याची दाढ. हेच सराट्याचेही संस्कृत नाव आहे. इंग्रजांनी झाडावरून हत्याराला नाव दिले तसेच आपणही. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर सराटे वेचून काढताना मला हे ठाऊक असते, तर निदान तेवढा वेळ मी स्वतःला चालून आलेले सैन्य समजलो असतो.

त्याच यादीत श्वदंष्ट्रेच्या शेजारी दुसरा शब्द आहे, शृंगाटक. म्हणजे आपला शिंगाडा! तळ्यातल्या शिंगाड्याचे ताजे फळ पाहिले असेल त्याला नवल वाटणार नाही. दोन बाजूंना अशी शिंगे असतात की हात जपूनच घालावा. गंमत पुढेच आहे. शिंगाड्याचे शास्त्रीय नाव ट्रापा, आणि ते काढले आहे कॅल्सिट्रापा या शब्दाची शेपटी तोडून, त्या लोखंडी काट्याच्या आठवणीने. कौटिल्य आणि युरोपातले वनस्पतिशास्त्रज्ञ यांची गाठभेट व्हायचा काही संबंध नाही. दोघांनी एकच फळ पाहिले आणि दोघांना एकच हत्यार आठवले.

वडिलांना पुढे दुकानातून आणलेल्या गोखरूचा काढा दिला. मात्र आणल्यावर पुडी आधी आत्यापुढे ठेवली गेली. तिने एक दाणा तळहातावर दाबला, “स्स” केले आणि पुडी आईकडे दिली.

दिवाळी सरली की कार्तिकी एकादशी. त्या दिवशी आमच्याकडे शिंगाड्याच्या पिठाचा शिरा असतो. गेल्या वर्षी मी पानावर बसल्या बसल्या कौटिल्याच्या वाटेपासून ट्रापापर्यंतची सगळी हकिगत घरच्यांना सांगितली. सौभाग्यवतींनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, “तूप आणखी घालू का?”