नवा गुमास्ता आणि पेढीचा शब्द



पेढीवर नवा गुमास्ता ठेवला, तर पहिल्याच दिवशी त्याला गिऱ्हाइकाशी बोलायला कोणी बसवीत नाही. काही दिवस तो माल काढून देतो, घड्या घालतो, कोणाला काय दाखवावे आणि कोणापुढे काय बोलू नये हे वडीलधाऱ्यांकडून ऐकतो; मग कुठे त्याला काउंटरवर उभे केले जाते. चॅटबॉट नावाच्या गुमास्त्याच्या बाबतीत मात्र आपण ही रीत विसरलो आहोत. मोबाइल उघडायचा, ‘माझ्या दुकानाची जाहिरात लिहून दे’ एवढेच सांगायचे आणि जे येईल ते न वाचताच गिऱ्हाइकांना धाडायचे, असा प्रकार बऱ्याच दुकानांत दिसू लागला आहे.

यात यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. ‘चॅटजीपीटी’ ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वांसाठी खुले झाले. गूगलचे ‘जेमिनी’ ॲप जून २०२४ मध्ये मराठीसह नऊ भारतीय भाषांत आपल्याकडे आले आणि त्याच सुमारास व्हॉट्सॲपमध्येही ‘मेटा एआय’ दिसू लागले. जाहिरातीचा मजकूर लिहून घेण्याची जी सोय पूर्वी मोठ्या कंपन्यांनाच परवडत असे, ती आता किराणा दुकानदाराच्याही खिशात आली आहे. प्रश्न उरतो तो या गुमास्त्याला काय सांगावे याचा. त्या सांगण्यालाच ‘प्रॉम्प्ट’ म्हणतात, आणि आज या सदरात त्याचाच विचार करू.

उदाहरण जवळचेच घेऊ. बदलापूर पूर्वेच्या शिरगावात आज सोसायट्यांच्या इमारती दाटीने उभ्या आहेत. २०११ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती आणि त्यानंतरही वस्ती वाढतच गेली. यांपैकी मोठा वर्ग सकाळी लोकल पकडून ठाणे-मुंबईकडे जातो आणि रात्री परततो. अंबरनाथ ओलांडले की पुढचेच स्थानक उल्हासनगर; तेथील गजानन मार्केटसारखी कापडपेठ भावासाठी प्रसिद्ध आहे. शिवाय देशभरची दुकाने प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहेतच. अशा शिरगावात मुलांच्या कपड्यांचे लहानसे दुकान चालवणाऱ्या एका कुटुंबाची कल्पना करा. भावात ते उल्हासनगरपुढे टिकणार नाही आणि विविधतेत मोबाइलपुढे. तरीही त्याची गिऱ्हाइके वर्षानुवर्षे येत राहतात. ती का येतात, हे त्या कुटुंबाला ठाऊक असते, यंत्राला नसते.

म्हणूनच ‘जाहिरात लिहून दे’ एवढ्यावर यंत्र जे लिहिते ते साधारण असे असते: ‘दर्जा आणि विश्वासाचे दुसरे नाव! आपल्या चिमुकल्यांसाठी सर्वोत्तम फॅशनचा खजिना! आजच भेट द्या आणि आकर्षक सवलतींचा लाभ घ्या!’ व्याकरण निर्दोष, पण यातील एकही शब्द शिरगावचा नाही. हाच मजकूर नाशिकच्या किंवा सांगलीच्या दुकानाला तसाच चालेल. त्यात सवलतीचे आश्वासनही आहे, जे मालकाने दिलेलेच नाही.

आता जून महिन्याच्या तोंडावर त्याच दुकानाने पुढीलप्रमाणे सांगितले, असे समजा:

‘शिरगाव, बदलापूर पूर्व येथील मुलांच्या कपड्यांच्या दुकानासाठी व्हॉट्सॲपवर पाठवायचा संदेश लिही. वाचणारे म्हणजे मुंबईकडे नोकरीला जाणारे आई-वडील; ते रात्री आठनंतर घरी पोहोचतात. माल: पहिली ते सातवीचे शालेय गणवेश. माप बसले नाही तर बिल दाखवून सात दिवसांत बदलून देतो. पँटच्या तळाशी दोन इंच कापड आत दुमडलेले असते. मूल वाढले की ते सोडता येते. दुकान रात्री साडेनऊपर्यंत उघडे असते. चाळीस शब्दांच्या आत, घरगुती मराठीत, ‘तुम्ही’ असे संबोधून लिही. ‘सर्वोत्तम’, ‘शंभर टक्के’, ‘हमी’ हे शब्द नकोत. मी न दिलेली कोणतीही माहिती घालू नकोस. काही कमी वाटले तर लिहिण्याआधी मला विचार.’

यावर येणारा मसुदा थोडा हात फिरवल्यावर असा होऊ शकतो: ‘शाळेचा गणवेश घरी नेऊन मुलाला घालून पाहा. माप चुकले तर सात दिवसांत बिल दाखवून बदलून घ्या. पँटला तळाशी दोन इंच कापड राखलेले आहे. मूल वाढले की सोडून घ्या. दुकान रात्री साडेनऊपर्यंत उघडे.’ गाडीतून उतरून थकून घरी निघालेल्या आईला यातले प्रत्येक वाक्य उपयोगी आहे. ते दोन इंच कापड वर्षानुवर्षे राखले जात होते; जाहिरातीत मात्र ते कधी आले नव्हते, कारण घरात ते सांगण्यासारखे कोणाला वाटलेच नाही.

चांगल्या प्रॉम्प्टची अंगे यावरून ध्यानात येतील. आपण कोण, वाचणारा कोण, माल कोणता, त्याबद्दल खरे काय सांगता येते, मजकूर किती लांब व कोणत्या भाषेत हवा आणि काय लिहू नये, एवढे ठरवून दिले की यंत्राचे लिखाण ताळ्यावर येते. शेवटचे अंग बहुतेक जण विसरतात. काय लिहू नये हे सांगितले नाही, तर यंत्र रिकामी जागा गोड शब्दांनी भरून काढते.

आणखी काही युक्त्या अनुभवास उतरतात. मजकूर मागण्यापूर्वी ‘माझ्या दुकानाविषयी मला दहा प्रश्न विचार’ असे सांगावे. त्यांची उत्तरे देताना आपल्यालाच आपल्या धंद्याची नव्याने ओळख होते. आठवडाभर काउंटरवर एक वही ठेवून गिऱ्हाइके जे प्रश्न विचारतात ते त्यांच्याच शब्दांत टिपावेत: ‘रंग जाईल का?’, ‘मोठ्या मापात मिळेल का?’, ‘जुना परत घ्याल का?’ ही वही यंत्राला वाचून दाखवली, तर जाहिरातीचे विषय आपोआप मिळतात. मजकूर तयार झाला की त्याच यंत्राला म्हणावे, ‘आता तू संशयी गिऱ्हाईक हो आणि यातील कोणत्या दाव्याला पुरावा मागशील ते सांग.’ बहुधा एखादे वाक्य तेथेच गळून पडते.

संदेश कधी आणि कोणाला पाठवावा, हेही आपणच ठरवायचे. शिरगावच्या नोकरदाराला दुपारी बाराचा संदेश कामाच्या घाईत मिळतो. परतीच्या गाडीत जागा मिळाल्यावर तो मोबाइल निवांत पाहतो. व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात आणि ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे त्यांनाच तो संदेश पोहोचतो. म्हणून बिल देताना गिऱ्हाइकाला विचारून क्रमांक जतन करून घेणे, हे उत्तम मजकुराइतकेच महत्त्वाचे काम आहे.

येथे आपल्या घरांतील एक नेहमीचे चित्र आठवावे. मोबाइल चालतो तो नातवाचा किंवा सुनेचा. मालाचे आणि गिऱ्हाइकाचे ज्ञान असते ते आजोबांजवळ आणि सासूबाईंजवळ. नवी पिढी एकटीने प्रॉम्प्ट लिहिते तेव्हा तो चटपटीत होतो पण पोकळ राहतो, आणि जुन्या पिढीने या यंत्राकडे पाठ फिरवली तर तिचे ज्ञान तिच्यापाशीच अडकून पडते. रविवारी दुपारी दोघांनी तासभर एकत्र बसावे. एकाने सांगावे, दुसऱ्याने लिहावे. त्यातून जाहिरात तर होईलच, शिवाय पेढी कशावर उभी आहे हे पुढच्या पिढीला समजेल.

आपल्या आचाराविषयी यंत्राला विशेष जपून सांगावे लागते. ‘जैन फरसाण’ म्हटल्यावर ते कांदा-लसूण वगळील, पण बटाट्याच्या वेफर्सची शिफारस करून मोकळे होईल. दिवाळीच्या शुभेच्छांत ते फटाक्यांची आतषबाजी आणील. भगवान महावीरांचा निर्वाणदिन म्हणून ती तिथी पाळणाऱ्या घरात असा संदेश शोभत नाही. अक्षय्य तृतीया म्हणजे त्याच्या लेखी सोनेखरेदी. वर्षीतपाच्या पारण्याचा आणि उसाच्या रसाचा संदर्भ सांगितल्याशिवाय येत नाही. पर्युषणाला ‘धमाका ऑफर’ लावण्यासही त्याला संकोच वाटत नाही. या गोष्टी प्रॉम्प्टमध्ये आधीच लिहाव्यात, आणि तिथी-तारखा यंत्राच्या भरवशावर न सोडता पंचांगात पाहाव्यात.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. यंत्राचा मजकूर आपल्या नावाने बाहेर पडतो आणि त्याचे उत्तरदायित्व आपल्यावरच येते. कॅनडातील एका विमान कंपनीच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला तिकिटाच्या सवलतीविषयी चुकीची माहिती दिली. चॅटबॉट स्वतःच्या कृतीला स्वतः जबाबदार आहे, असा पवित्रा ‘एअर कॅनडा’ने घेतला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियातील न्यायाधिकरणाने तो फेटाळून प्रवाशाला भरपाई देवविली. गुमास्ता चुकीचे बोलला तरी शब्द पेढीचाच, हा आपल्या बाजारपेठांचा जुना नियम तेथेही लागू पडला.

आपल्याकडील कायदाही हेच सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणारी जाहिरात थांबवण्याचा किंवा बदलण्याचा आदेश व्यापाऱ्याला मिळू शकतो. उत्पादकाला किंवा मालाची शिफारस करणाऱ्याला १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तीच चूक झाल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘फक्त आजच’, ‘शेवटचे तीन नग’ अशी खोटी घाई निर्माण करणे, हा ऑनलाइन विक्रीतील फसवा प्रकार म्हणून ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्टपणे नोंदलेला आहे, आणि न सांगता हे शब्द घालण्याची यंत्राला फार हौस. जून २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने फळांच्या रसांवरील ‘शंभर टक्के’ हा दावा काढून टाकण्यास सांगितले. औषधांच्या व आयुर्वेदिक मालाच्या दुकानदारांनी तर १९५४ चा औषधे व जादूचे उपाय यांच्या जाहिरातींविषयीचा कायदा लक्षात ठेवावा. मधुमेह बरा होतो असे लिहिलेली जाहिरात त्याच्या कक्षेत येते. सराफांनी सोन्याची शुद्धता यंत्राच्या विशेषणांवर न सोडता हॉलमार्क आणि सहा अक्षरी एचयूआयडी यांच्या आधारेच सांगावी.

याहून एक मोठा मोह आहे. गिऱ्हाइकांच्या नावाने स्तुतीचे अभिप्राय यंत्राकडून लिहून घेऊन गूगलवर टाकणे आता चुटकीसरशी जमते. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ‘आयएस १९०००’ हे मानक काढले ते अशाच प्रकारांमुळे. आपल्याला त्यासाठी मानकाची वाट पाहण्याची गरज नव्हती. श्रावकाच्या सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’, म्हणजे खोटा लेख तयार करणे, पूर्वीपासून गणलेली आहे. लेखणी माणसाच्या हातची की यंत्राची, याने त्यात फरक पडत नाही. खऱ्या गिऱ्हाइकाने मोडक्या मराठीत लिहिलेल्या दोन ओळींचे मोल अशा शंभर गुळगुळीत अभिप्रायांहून अधिक असते, कारण शेजारच्या इमारतीतील माणूस ते नाव ओळखतो.

तसेच काही गोष्टी यंत्रापुढे ठेवूच नयेत. गिऱ्हाइकांची नावे व फोन क्रमांक, उधारीची वही, खरेदीचे भाव, ठोक व्यापाऱ्यांशी झालेली बोलणी ही पेढीची आतली माहिती आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ ने गिऱ्हाइकाच्या माहितीच्या वापरासाठी त्याची संमती हा पाया मानला आहे. ‘आमची काही गिऱ्हाइके सणाआधी मुलांसाठी दोन जोड घेतात’ एवढे सांगून काम भागते. कोण घेते हे सांगण्याची आवश्यकता नसते.

वाचकांनी या महिन्यात एक गोष्ट करून पाहावी. एका कोऱ्या कागदावर आपल्या दुकानाची ओळख लिहावी: आपण काय विकतो, कोणाला विकतो, गिऱ्हाईक परत का येते, माल परत घेण्याचे नियम काय, कोणते दावे पुराव्यानिशी करता येतात आणि कोणते शब्द आपल्या नावाखाली कधीही यायला नकोत. घरातील थोरांना तो वाचून दाखवावा, त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या कराव्यात. प्रत्येक नव्या जाहिरातीच्या वेळी तोच कागद यंत्राला आधी द्यावा आणि मगच काम सांगावे. वर्षातून एकदा, चोपडापूजनाच्या सुमारास, जुना मजकूर तपासून नवा करावा. आणि यंत्राने लिहिलेला प्रत्येक संदेश पाठवण्यापूर्वी मोठ्याने वाचावा. गिऱ्हाईक समोर उभे असताना जे वाक्य आपण त्याच्या डोळ्यांत पाहून म्हणू शकणार नाही, ते खोडून टाकावे.