कचरा नव्हे, कारखाना

मानवी डीएनएपैकी जेमतेम दीड-दोन टक्के भागात प्रथिने बनवण्याच्या सूचना असतात. उरलेल्याला वर्षानुवर्षे सरसकट ‘कचरा’ म्हटले गेले. हा शब्द आता टाकायला हवा. तिथूनही पेशी आरएनए बनवते. त्यातला प्रत्येक धागा कामाचाच असतो असे नाही. पण मायक्रोआरएनए इतर जनुकांना लगाम घालतात.

पेशीकेंद्रकात आधी लांब धागा तयार होतो आणि केसांच्या पिनेसारखा दुमडतो. ‘ड्रोशा’ नावाचे एन्झाइम ही पिन कापून काढते; केंद्रकाबाहेर ‘डायसर’ तिचे वाकलेले टोक छाटते. उरतो सुमारे २२ अक्षरांचा तुकडा. १९९३ मध्ये असा पहिला तुकडा एका सूक्ष्म कृमीत सापडला, तेव्हा फारसे कुणी लक्ष दिले नाही. शोधकर्त्यांना नोबेल मिळायला २०२४ उजाडले.

डायसरच्या जनुकात जन्मजात दोष असलेल्या काही बालकांना फुप्फुसाचा दुर्मीळ कर्करोग होतो. सुरुवातीला एक्स-रेवर नुसती हवेची पोकळी दिसते. त्याच घरात कुणाला थायरॉइडच्या, कुणाला अंडाशयाच्या गाठी असू शकतात. अशा बाळाच्या आईवडिलांना ‘घरात कुणाला गलगंड आहे का?’ हे विचारायलाच हवे. ओपीडीच्या गर्दीत नेमका तोच प्रश्न राहून जातो.